आमच्याकडे त्याचा विषय काढत नाहीत

ब्लॅकपूल हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं सहलीचं गाव. तिथे समुद्रात लांबवर गेलेले तीन धक्के आहेत आणि माणसं त्यांवर वारा खायला जातात. नेव्हिल लाँगबॉटम नावाच्या मुलाला त्याच्या अ‍ॅल्जीआजोबांनी असंच एकदा धक्क्याच्या टोकापर्यंत नेलं आणि पाण्यात ढकलून दिलं. पोरगा बुडता बुडता वाचला. आजोबांच्या मनात वाईट काही नव्हतं. घर खानदानी जादूगारांचं, मुलगा मोठा होत चाललेला, आणि अजून त्याच्या हातून चमच्याएवढीही वस्तू हवेत उचलली गेलेली नाही. जिवावर बेतलं की आतली जादू आपसूक बाहेर येईल, असा त्यांचा हिशेब. त्या दिवशी बाहेर आलं ते पोटात गेलेलं खारं पाणी.

आजोबा चिकाटीचे. नेव्हिल आठ वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी त्याला घोटे धरून वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर उलटा लटकवला. नेमक्या त्या क्षणी एनिडआजींनी विचारलं, मरँग घेता का? मरँग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेसून भाजलेला प्रकार. आता असं कुणी आग्रहाने पुढे केलं की माणूस हात पुढे करणारच. आजोबांनी केला. हातातलं नातवंड सुटलं, खाली बागेत पडलं आणि टप्पे खात थेट रस्त्यावर गेलं. घरात आनंदीआनंद! नेव्हिलच्या सख्ख्या आजीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मूल वाचलं याचा आनंद असेलच, पण पेढे वाटावेत असं कारण वेगळं होतं. मूल उसळलं होतं. म्हणजे जादू आहे. म्हणजे चारचौघांत मान वर करून चालता येईल.

जे. के. रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटर मालिकेच्या पहिल्या पुस्तकात (१९९७) ही हकिगत नेव्हिल स्वतःच शाळेच्या पहिल्या जेवणात सांगतो, आणि तीही अशा सुरात, की सगळ्यांच्याच घरी असं चालत असावं. मला त्या सुराचंच फार वाटतं. पोरांना घरात जे होतं ते जगात सगळीकडे होत असावं असंच वाटतं. खिडकीच्या त्या प्रसंगानंतर हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचं पत्र आलं, तेव्हा अ‍ॅल्जीआजोबांनी खूश होऊन त्याला बेडूक घेऊन दिला. बेडूक पाळायची फॅशन जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि शाळेत पोरं हसणार हे ठरलेलं. पण आजोबा लोकांच्या भेटवस्तू आपल्या काळाच्याच असतात.

याच पुस्तकात दुसरं घर आहे, डर्स्लींचं. हे बिगरजादूवाले, म्हणजे मगल. त्यांच्याकडे वाढणाऱ्या भाच्याच्या, हॅरीच्या अंगात जादू आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक. ती दाबून, उपाशी ठेवून, जिन्याखालच्या कपाटात झोपवून त्याच्या अंगातून काढून टाकायची असा मावशी-काकांचा निर्धार. लाँगबॉटम मंडळींना डर्स्ली दारात उभे करणार नाहीत, आणि डर्स्लींना लाँगबॉटम. पण बालसंगोपनाच्या बाबतीत दोन्ही घरांचं धोरण तंतोतंत एक: पोराच्या आत काय आहे ते आपल्याला पाहिजे तसं नसेल, तर पोराला जरा हलवून बघा. एका घरी जादू बाहेर यावी म्हणून, दुसऱ्या घरी ती मरावी म्हणून.

आजी, ऑगस्टा लाँगबॉटम, हे प्रकरण मोठं आहे. डोक्यावर पेंढा भरलेलं गिधाड बसवलेली टोपी, हातात भली मोठी लाल पर्स. नातवावर जीव आहे, पण तो जीव टपालाने येतो. एकदा तिने त्याला एक काचेचा गोळा पाठवला. आपण काही विसरलो असलो की तो लाल होतो. काय विसरलो ते मात्र सांगत नाही. असला गोळा विकत घेण्यापेक्षा एखादी आत्या घरी ठेवून घेतलेली काय वाईट? दुसऱ्यांदा लाल पाकीट आलं. ते उघडलं की आतलं पत्र आजीच्याच आवाजात सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडतं.

आणि नेव्हिलच्या हातातली छडी त्याच्या वडिलांची. या जगात छडी जादूगाराला निवडते, असा नियम आहे. दुसऱ्याच्या छडीने जादू नीट होत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तरी घरात बापाची छडी पडलेली असताना नवी कशाला, हा आजीचा विचार. त्यामागे दुःख आहे, हे मान्य करायला हवं. नेव्हिलचे आईवडील दोघेही नावाजलेले, आणि शत्रूच्या छळाने भ्रमिष्ट होऊन कायमचे इस्पितळात. हरवलेला कर्ता मुलगा नातवाच्या रूपाने परत यावा असं आजीला वाटलं, तर तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण पाच वर्षं त्या छडीने पोराचे मंत्र बरेचदा धड लागले नाहीत आणि मास्तरांनी शेरे मारले ‘आत्मविश्वास कमी’ असेच. पाचव्या वर्षाच्या अखेरीस मारामारीत छडी मोडली, तेव्हा कुठे नवी आली.

आता गंमत अशी की या मुलाला एक विषय उत्तम येत होता. वनस्पतिशास्त्र. जादूई झाडं, त्यांची मुळं, त्यांचे रस, त्यांचं ओरडणं, चावणं, सगळं. परीक्षेत सर्वोच्च श्रेणी. पण जादूच्या घरात झाडांना काय किंमत? मंत्र म्हणावेत, वस्तूंचं रूप पालटावं, ही खरी विद्या. कुंडीत खत घालणं हे माळीकाम. आजीचा आग्रह रूपांतरविद्येचा, जिच्यात नेव्हिलचे गुण जेमतेम. मोहनविद्येत त्याला बरे गुण होते, पण आजीच्या मते तो सोपा, पळपुट्यांचा विषय. शेवटी मॅगोनागलबाईंनी, ज्या स्वतः रूपांतरविद्या शिकवत, त्याला समोर बसवून सांगितलं की तुझी आजी मोहनविद्येत नापास झाली होती, म्हणून विषय फुकटचा ठरत नाही. आणि आजीने आता मनातल्या नातवाचा नाद सोडून समोर आहे त्या नातवाचा अभिमान धरायला हरकत नाही. शिक्षकांनी पालकांची गुणपत्रिका अशी मधूनमधून बाहेर काढली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. शाखा कोणती घ्यायची यावर होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

या सगळ्यात अ‍ॅल्जीआजोबांचं मला नवल वाटतं. धक्क्यावरून ढकलणारा हाच माणूस पुढे परदेशातून नातवासाठी एक दुर्मिळ, फोडांनी भरलेलं, निवडुंगासारखं रोप घेऊन येतो. डिवचलं की त्यातून घाण वासाचा चिकट रस उडतो. नेव्हिल ते आगगाडीत सगळ्यांना दाखवतो, टोचतो, आणि डबाभर रस. म्हणजे या पोराला काय आवडतं ते घरात एकाला तरी दिसलं होतं. दिसण्याआधी त्याला बुडवून बघावं लागलं, एवढंच.

शेवटच्या पुस्तकात नेव्हिल शाळेतल्या बंडाचा म्होरक्या होतो. आजीला धरायला आलेला सरकारी जादूगार इस्पितळात पोचतो आणि आजी फरार. तिथून ती नातवाला पत्र पाठवते: अभिमान वाटतो, आईबापाचा मुलगा शोभतोस. बघा, शाबासकी आली तीही आईबापाच्या नावाने! पुढे तो तलवारीने महाभयंकर नागिणीचं मुंडकं उडवतो, युद्ध संपतं, आणि हा गृहस्थ शाळेत वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होतो. लाँगबॉटमांच्या घरी पाहुण्यांना त्यातली कोणती गोष्ट सांगत असतील, यावर मी पैज लावायला तयार आहे. झाडांची नक्कीच नाही.

याच मालिकेतलं विझ्लींचं घर यापेक्षा कितीतरी मायाळू. सात मुलं, मोडकंतोडकं पण उबदार घर, आई मॉली दरवर्षी प्रत्येकाला स्वेटर विणणारी. इथे कुणी कुणाला खिडकीतून सोडत नाही. तरीही फ्रेड आणि जॉर्ज या जुळ्यांचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे, कारण प्रेमळ घरात गुणांची कदर आपोआप होते हा आपला एक गोड गैरसमज आहे.

या दोघांना परीक्षेत प्रत्येकी तीनच विषय सुटले. थोरल्या बिलला बारा, तिसऱ्या पर्सीला बारा. मॉलीचं डोकं फिरलं. पण याच काळात पोरांनी सहा महिने खपून एक टॉफी तयार केली होती. ती खाल्ली की जीभ फुगत, लांबत जाते. चाचणी हॅरीच्या मावसभावावर झाली. जादू उतरवायची परवानगी आईबाप देईपर्यंत त्याची जीभ चार फुटांवर गेली होती. आता शांतपणे विचार करा. सतरा वर्षांच्या आतली दोन पोरं, ना प्रयोगशाळा, ना मार्गदर्शक, ना अनुदान. पण माल असा, की गिऱ्हाईकाने जमिनीवरचा वेचून तोंडात टाकला. शिवाय त्यांनी किमतींसह मागणीपत्रकंही छापलेली. कुठल्याही व्यापारी घराण्यात या पोरांची दृष्ट काढली असती. मॉलीने मागणीपत्रकं जाळली आणि कपड्यांच्या अस्तरांत दडवलेल्या टॉफ्या मंत्राने खेचून काढून फेकून दिल्या. मुलांनी वडिलांसारखं जादूच्या मंत्रालयात चिकटावं, ही तिची साधी अपेक्षा.

ते वडील, आर्थर, मंत्रालयात मगल वस्तूंच्या गैरवापरावर लक्ष ठेवणाऱ्या खात्यात होते, आणि स्वतःच्या पडवीत मंत्राने उडणारी मोटार बाळगून होते. विजेचे प्लग गोळा करणं हा त्यांचा छंद. विमान हवेत टिकतं कसं हे एकदा कळावं, ही आयुष्यातली सर्वांत मोठी इच्छा. जो माणूस झाडूवर बसून उडू शकतो त्याला विमानाचं कोडं पडावं, हे मला फार आवडतं. पण घरात मुलांच्या करिअरचा विषय निघाला की हा माणूस आदर्श म्हणून दाखवला जायचा. जादूच्या घरातली जादू ही शेवटी नोकरीच आहे. वेळेवर जावं, टेबल असावं, पेन्शन असावं. चमत्कार सरकारमान्य असला की झालं.

तो आदर्श अधिक शुद्ध रूपात पर्सीमध्ये होता. मंत्रालयात लागल्यावर तो कढयांच्या तळाच्या जाडीचा अहवाल लिहीत असे. परदेशी कढया किंचित पातळ येतात, गळतीचं प्रमाण वर्षाला जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतंय, ही त्याची चिंता. घरात त्या अहवालासाठी शांतता पाळायची. जुळ्यांनी त्याच्या कचेरीत ड्रॅगनचं शेण पाठवलं आणि तो मात्र ते नॉर्वेहून आलेल्या खताचा नमुना आहे असं धरून बसला. ड्रॅगनांवरून आठवलं, दुसरा मुलगा चार्ली रोमानियात ड्रॅगन सांभाळायचा. भाजून निघण्याचं काम, पगाराची खात्री नाही, पण त्याबद्दल घरात कुरकुर नाही. मला याचं एकच कारण दिसतं: परदेशात होता. पोरगा परदेशात असला की तो तिथे काय करतो हे कुणी फार खोदून विचारत नाही. आपल्याकडे याचा अनुभव घरोघरी आहे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जुळ्यांनी शाळा मधेच सोडून, झाडूवर बसून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोबारा केला, आणि हॅरीने दिलेल्या बक्षिसाच्या हजार गॅलियन नाण्यांच्या भांडवलावर लंडनमधल्या डायगन अ‍ॅलीत ९३ नंबरचं दुकान थाटलं. दुकान तुफान चाललं. मंत्र परतवून लावणाऱ्या टोप्या त्यांनी थट्टेची वस्तू म्हणून काढल्या होत्या. तर मंत्रालयानेच पाचशे टोप्यांची मागणी नोंदवली, कारण तिथल्या बऱ्याच मंडळींना बचावाचा साधा मंत्र धड येत नव्हता. मुलं मंत्रालयात गेली नाहीत. मंत्रालय पैसे घेऊन त्यांच्या दारात आलं.

दरम्यान बारा विषयवाला पर्सी साहेबांची बाजू घेऊन घर सोडून गेला. नाताळाला आईने पाठवलेला स्वेटर त्याने चिठ्ठीसुद्धा न जोडता परत केला. पुढच्या नाताळात मॉलीच्या डोक्यावर हिऱ्यांसारखे तारे चमकणारी निळी टोपी आणि गळ्यात सोन्याचा झगझगीत हार होता. दोन्ही जुळ्यांनी दिलेले. मागणीपत्रकांच्या राखेचा विषय त्या जेवणात निघाला नसावा.

हे इंग्रजांचंच खूळ असावं असं वाटेल, म्हणून अटलांटिकपलीकडे, कोलंबियाच्या डोंगरात जाऊ. डिस्नेच्या ‘एन्कांटो’ (२०२१) या चित्रपटातलं माद्रिगाल घराणं. इथे मूल पाच वर्षांचं झालं की गावजेवण, दिवे, गर्दी, आणि पोराने एकट्याने जाऊन जादूच्या दाराला हात लावायचा. दार उजळलं की देणगी मिळाली. एका मुलीला, मिराबेलला, काहीच मिळालं नाही. चित्रपट तिचाच आहे, त्यामुळे तिचं पुढे बरं होतं. तिची काळजी नको.

मला तिचा ब्रुनोमामा हवा आहे. त्याला भविष्य दिसतं. देणगी अस्सल, दारही उजळलेलं. पण त्याने एका बाईला सांगितलं, तुझा मासा मरणार, मेला. एकाला सांगितलं, पोट सुटणार; सुटलं. एकाचे केस जाणार होते, गेले. मासा मरतो, पोट सुटतं, केस जातात, यासाठी भविष्य दिसायची गरज काय? चाळिशीच्या कुठल्याही माणसाने आरशात बघावं. तरी दोष ब्रुनोचा. बहिणीच्या लग्नात म्हणाला, पाऊस येईलसं दिसतं. त्या बहिणीची देणगी अशी, की तिचा मूड जाईल तसं हवामान. हे ऐकून ती धास्तावली आणि वादळ आलं. तेही ब्रुनोच्या नावावर. शेवटी तो घरातून नाहीसा झाला आणि त्याचं नाव घ्यायचं नाही असा दंडक पडला. त्या दंडकावरचं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्याचा विषय काढायचा नाही त्याचा विषय इतक्या लोकांनी एका सुरात काढल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

ब्रुनो खरं तर कुठेच गेलेला नसतो. तो घराच्याच भिंतींमधल्या पोकळीत राहतो, आणि तिथे उंदीर शिकवून त्यांची मालिका बसवतो. प्रेमभंग, विस्मृती, भानगडी, सगळं आहे त्यात. भविष्य सांगणारे पैशाला पासरी मिळतात. पण जो उंदरांकडून कौटुंबिक नाट्य करून घेतो, त्याचा दरवाजा कुठला उजळायचा? त्यासाठी घराण्यात खोलीच नाही. त्याची भाची इसाबेला तर लाडकी, बोट फिरवलं की गुलाब. एके दिवशी रागाच्या भरात तिच्या हातून काटेरी निवडुंग उगवतो. तिला तो इतका आवडतो की ती घरभर वेडीवाकडी झाडं फुलवत सुटते. तिची आजी येते आणि बघते. गुलाब ही देणगी, निवडुंग हा गोंधळ. जादू तीच, हात तोच. आपला निवडुंग घेऊन इसाबेलाने नेव्हिलकडे राहायला जावं, असं मला फार वाटून गेलं.

आता ज्या माणसासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो. पहिल्याच पुस्तकात, आगगाडीत, हॅरी रॉन विझ्लीला विचारतो, तुमच्या घरात सगळेच जादूगार का? रॉन म्हणतो, जवळजवळ सगळेच. आईचा एक दूरचा चुलतभाऊ अकाउंटंट आहे, पण आम्ही त्याचा विषय काढत नाही. बस्स, एवढंच. सात जाडजूड पुस्तकांत हा माणूस पुन्हा येत नाही. इकडे पोरगा सीए झाला तर चौकात फलक लागतो, फोटोसकट, शुभेच्छुकांच्या नावांसकट. तिकडे तोच पोरगा म्हणजे घराण्याला लागलेला डाग.

वास्तविक त्या जगाला सर्वांत जास्त गरज कुणाची असेल तर याची. तिथलं चलन बघा. एका सिकलचे एकोणतीस नट, सतरा सिकलचा एक गॅलियन. आपल्याकडे १९५७ पर्यंत सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पयांचा आणा होता. इंग्रजांकडे १९७१ पर्यंत वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सांचा शिलिंग. हिशेब किचकट, पण सोळा, बारा, वीस यांचे अर्धे-पाव तरी सुबक होतात. सतरा आणि एकोणतीस या दोन्ही मूळ संख्या. गॅलियनचे नट होतात चारशे त्र्याण्णव. म्हणजे या देशात कुणालाही अर्धा गॅलियन देताच येत नाही. अर्धा नट उरतोच. पावकी, निमकी, दिडकी पाठ करून मोठे झालेले आपले आजोबा तिथे दहा मिनिटांत आजारी पडले असते. हां, पण तिसापर्यंतचे पाढे? एकोणतीस सत्ते दोनशे तीन, एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट. ज्या पाढ्याचा उपयोग काय म्हणून आम्ही जन्मभर विचारत आलो, तो लंडनमधल्या एका गल्लीत लागतो तर!

त्या घरांत मात्र हिशेब कुणालाच येत नाही, बँक पिशाच्चांच्या हातात. विझ्लींच्या तिजोरीत एका वर्षी सिकलची छोटीशी रास आणि एक, अक्षरशः एक, गॅलियन होता. मॉलीने कोपरेही चाचपून पाहिले. पुढच्या वर्षी सोडतीत सातशे गॅलियन लागले, आणि त्यातले बहुतेक सगळे घरच्या सगळ्यांना इजिप्त दाखवण्यात गेले. इजिप्त बघावं, जरूर बघावं. पण घरात एक अकाउंटंट असता तर त्याने निदान ठेव कुठे ठेवायची एवढं तरी सुचवलं असतं. त्याला विचारणार कोण? विषयच काढायचा नाही.

एक शंका मात्र मला सोडत नाही. जुळ्यांच्या दुकानात रॉन काहीबाही उचलतो. भाऊ असूनही पैसे माफ नाहीत. फ्रेड त्याला चोरीच्या मालाचा आकडा तोंडावर फेकतो: तीन गॅलियन, नऊ सिकल आणि एक नट. म्हणजे सतराशे एकेचाळीस नट. कागद नाही, पेन्सिल नाही, परीक्षेत तीन विषय. शाळेत साधं गणित शिकवतच नाहीत. मग हे पोरगं शिकलं कुठे? मंत्रालयाच्या पाचशे टोप्यांचं बिल सिकल-नटांपर्यंत कुणी काढलं? मगलांच्या इंग्लंडमध्ये कुठल्या तरी कचेरीत बसणारा, रविवारी मागच्या दाराने वह्या घेऊन दुकानात येणारा, मॉली येताना दिसली की कोठीच्या खोलीत जाऊन उभा राहणारा एक मध्यमवयीन गृहस्थ मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतो. पुस्तकात त्याचा उल्लेख नाही. नसणारच. जुळेही विझ्लीच आहेत, तेही त्याचा विषय काढत नाहीत; फक्त वर्षअखेरीला त्याच्याकडून ताळेबंद करून घेतात.